पाटी कोरी नसते! पहिलीच्या वर्गातली पाच गृहीतकं आणि आपली मुलं

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की पंधरा-वीस दिवसांत पहिलीच्या पालकांना शाळेतून निरोप यायला लागतात. "तुमचं मूल अजून अक्षरं ओळखत नाही." "घरी जरा मराठी बोलत जा." "रोज रात्री गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवा." निरोप देणाऱ्या बाईंचा हेतू चांगलाच असतो. ऐकणारी अम्मी मान हलवते, घरी येते आणि मनात एकच गोष्ट धरून बसते: आपलं मूल मागे आहे, आणि त्याला कारण आपलं घर आहे.

आम्ही उर्दू आणि मराठी अशा दोन भाषांत वाढलो, आणि गेली अनेक वर्षं लहान मुलांना वाचायला-लिहायला शिकवतो आहोत. त्या अनुभवावरून सांगतो, अशा निरोपांमागे काही गृहीतकं लपलेली असतात. गृहीतक म्हणजे आपण न तपासता खरी धरून चाललेली गोष्ट. मूल कसं असतं, घर कसं असतं, वाचन कुठून सुरू होतं, याबद्दल शाळेनं आधीच काही धरलेलं असतं. ज्या मुलाचं घर त्यात बसतं ते "हुशार" ठरतं. ज्याचं बसत नाही ते "कच्चं" ठरतं. पहिलीत लागलेला हा शिक्का पुढे पुसणं अवघड जातं.

वाचनाचा प्रश्न फक्त आपल्याच मुलांचा आहे, असं मात्र कुणी समजू नये. देशभरातल्या ग्रामीण भागाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४च्या अहवालात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे चारातली तीन मुलं अडखळली. केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केलं ते याच काळजीतून. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. ते गाठायचं असेल तर उपक्रम वाढवण्याबरोबर उपक्रमांमागची गृहीतकंही तपासावी लागतील. आम्हाला नेहमी दिसणारी पाच इथे मांडतो.

गृहीतक पहिलं: प्रत्येक घरात गोष्टीचं पुस्तक असतं

पहिलीच्या वर्गात चित्रवाचन हा नेहमीचा उपक्रम. बाई आंब्याचं चित्र दाखवतात आणि विचारतात, "हे काय आहे?" काही मुलं ओरडून सांगतात, काही गप्प राहतात. गप्प राहणाऱ्याला आंबा माहीत नसतो का? अहो, तो मोहल्ल्यातल्या गाडीवर रोज आंबे बघतो, भावही सांगेल! अडचण प्रश्नात असते. आपल्या बऱ्याच घरांत मोठी माणसं जे स्वतःला माहीत नाही तेच मुलाला विचारतात. "अब्बू आले का?" "साखर कितीला दिली?" ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न या मुलाला नवा असतो. बाईंना खरंच आंबा ओळखता येत नाही की काय, असंही त्याला वाटत असेल!

हा मुद्दा अमेरिकेतल्या शर्ली ब्राइस हीथ यांनी फार बारकाईनं दाखवला. तिथल्या कॅरोलिना भागातल्या दोन कामगार वस्त्यांमध्ये त्या वर्षानुवर्षं जात राहिल्या आणि १९८३ साली 'वेज विथ वर्ड्स' हे पुस्तक लिहिलं. त्यांनी वस्त्यांना टोपणनावं दिली. गोऱ्या कामगारांच्या 'रोडव्हिल'मध्ये आईबाप मुलांना वस्तूंची नावं विचारायचे, पुस्तक वाचून दाखवायचे. पण गोष्ट जशीच्या तशी सांगायची, कल्पनेची भर घातली तर ते खोटं बोलणं समजलं जायचं. कृष्णवर्णीय कामगारांच्या 'ट्रॅकटन'मध्ये मुलं रंगवून गोष्टी सांगण्यात आणि हजरजबाबीपणात तरबेज होती, पण "हे काय, ते काय" असे प्रश्न त्यांना घरी कुणी विचारत नसे. ट्रॅकटनची मुलं शाळेत सुरुवातीलाच अडली. रोडव्हिलची मुलं सुरुवातीला चांगली चालली, पण पुढे स्वतःच्या मनानं विचार करून लिहायची वेळ आली तेव्हा मागे पडली. दोन्हीकडे भाषा भरपूर होती. शाळेला हवी असलेली भाषेची सवय मात्र शहरातल्या मध्यमवर्गीय घरांचीच होती.

आपल्याकडेही पुस्तक नसलेलं घर म्हणजे गोष्ट नसलेलं घर नव्हे. नानी-दादी पैगंबरांचे किस्से सांगतात, कुणी गावच्या जुन्या घराचे सांगतं. शेजारच्या लग्नात काय गंमत झाली ते मूल हातवारे करून ऐकवतं. आधी काय झालं, मग काय झालं, शेवट कसा झाला, हे ज्याला सांगता येतं त्याच्याकडे वाचून समजण्याचा अर्धा पाया तयार असतो. शिक्षकानं तो पाया पाहिला पाहिजे.

गृहीतक दुसरं: मूल कोरी पाटी घेऊन येतं

"अजून काहीच येत नाही" हे वाक्य आम्ही शिक्षक मंडळी फार सहज बोलतो. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६० च्या दशकात शाळेत नुकत्याच आलेल्या पाच वर्षांच्या मुलांचं निरीक्षण केलं. त्यांच्या लक्षात आलं, की एकही अक्षर न वाचणारं मूलसुद्धा छापील पानाबद्दल काही ना काही जाणून असतं. पुस्तक कुठून उघडायचं, ओळ कुठून सुरू होते, गोष्ट चित्रात आहे की काळ्या अक्षरांत आहे, हे सगळं वाचनाचंच ज्ञान आहे. मूळच्या अर्जेंटिनाच्या एमिलिया फेरेरो आणि त्यांच्या सहकारी आना तेबेरोस्की यांनी १९७९ च्या पुस्तकात दाखवलं, की गरीब वस्तीतली मुलंही लिपीबद्दल स्वतःचे नियम बांधतात. कुणाला वाटतं, दोन-तीन अक्षरांपेक्षा कमी असेल तर ते वाचताच येत नाही. कुणाला वाटतं, प्राणी मोठा तर त्याचं नावही मोठं लिहिलं जाणार. हे नियम चुकीचे असतील, पण ते विचार करून बांधलेले असतात.

आता आपल्या मोहल्ल्यातलं मूल पाहा. ते सकाळी किंवा संध्याकाळी मकतबमध्ये जातं आणि नूरानी कायदा शिकतं. त्याला काय काय कळलेलं असतं?

एक, लिहिलेला मजकूर बदलत नाही, आज वाचला तसाच उद्याही वाचायचा असतो. दोन, लहानशा खुणेला मोठा अर्थ असतो. बे, ते आणि से या अक्षरांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा: बेला खाली एक, तेला वर दोन, सेला वर तीन. तीन, शब्दात कुठे येतं त्यावर अक्षराचं रूप बदलतं. आणि चार, जे मराठीच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं आहे: अक्षराला जबर, जेर किंवा पेश लागली की आवाज बदलतो. बेला जेर लावली की 'बि', पेश लावला की 'बु'. आपल्या वेलांटी-उकाराचं तत्त्व यापेक्षा वेगळं काय आहे? ज्या मुलाला जेर कळली, त्याला वेलांटी समजावायला फार वेळ लागत नाही. फक्त समोरच्या शिक्षकाला ते माहीत असायला हवं.

याच मुलानं वही मागच्या बाजूनं उघडली, उजवीकडून लिहायला सुरुवात केली, की वर्गात शब्द पडतो "उलटं". खरं तर त्याला दिशा पक्की माहीत आहे, ती दुसऱ्या लिपीची आहे इतकंच. (या वयात अक्षरं उलटी काढणं सगळ्याच मुलांचं होतं, हेही लक्षात ठेवावं.) उपाय साधा आहे. पानाच्या डाव्या कडेला हिरवा ठिपका काढायचा आणि सांगायचं, "मराठीची ओळ इथून निघते, उर्दूची तिकडून." मुलाला दोन रस्ते आहेत हे कळलं की गोंधळ कमी होतो. गंमत म्हणजे उर्दूतही आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात. म्हणजे दोन्ही दिशांची सवय त्याला आधीच लागलेली असते.

गृहीतक तिसरं: आधी अक्षरं संपवा, अर्थ नंतर येईल

मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, मग शब्द, मग वाक्य, आणि सगळ्यात शेवटी अर्थ. ही शिडी इतकी जुनी आहे की तिच्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. आपण हिशेब करून पाहू. मराठीतली ३४ व्यंजनं आणि बाराखडीची प्रत्येकी बारा रूपं धरली तर चारशेच्या वर आकार होतात. ते सगळे पाठ झाल्याशिवाय वाचायला द्यायचं नाही म्हटलं, तर सहा वर्षांच्या मुलानं वर्ष-दीड वर्ष अर्थाशिवाय बसायचं. तक्त्यावर 'ऐ ऐरणीचा' असतं. ऐरण आज किती मुलांनी पाहिलेली असते? चित्र अनोळखी, शब्द अनोळखी, त्यात अक्षरही अनोळखी. मग मूल सुरात म्हणायला शिकतं, वाचायला नाही.

कर्नाटकातल्या यादगीर आणि आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा भागात कन्नड आणि मराठी वाचनाचा एक मोठा अभ्यास झाला. शैलजा मेनन आणि त्यांचे सहकारी काही वर्षं त्याच मुलांच्या मागावर राहिले. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं आणि मात्रा घोकण्यात जातो, अर्थाच्या वाट्याला फार थोडा येतो, आणि तरीही तिसरीपर्यंत पुष्कळ मुलं साध्या शब्दांवरच अडतात, असं त्यांना दिसलं. याचा अर्थ अक्षरं शिकवू नयेत असा कुणी काढू नये. अक्षरं नीट, क्रमानं, भरपूर सरावासह शिकवलीच पाहिजेत. फक्त पहिल्या दिवसापासून त्यांच्या हातात अर्थाचा हात असावा.

एक उदाहरण देतो. फक्त चार अक्षरं घ्या: क, म, न, र. सोबत एकच काना. यातून किती शब्द होतात पाहा: कान, नाक, काम, काका, मामा, कमान, मकान, कमरा, नरम, नमक. मराठी घरातल्या मुलाला यातले बहुतेक शब्द कळतात, उर्दू-दखनी घरातल्या मुलाला जवळपास सगळे. घरी 'नमक' म्हणणारं मूल पहिल्याच पंधरवड्यात आपल्या स्वयंपाकघरातला शब्द देवनागरीत वाचतं. 'नमक म्हणजे मीठ' हे त्याच्याचकडून वर्गाला कळतं. शेजारी बसलेलं मूल 'मीठ' शिकवतं, हे मूल 'नमक' शिकवतं.

शाळेत काही जण म्हणतात, "मकतबमध्ये अर्थ न कळता वाचतात." त्यात तथ्य आहे, त्यावर पुढे बोलू. पण अर्थ न कळता सुरात म्हटलेली बाराखडी त्याच जातीची नाही का? निपुण भारतमध्ये तिसरीच्या मुलासाठी मिनिटाला किमान ६० शब्द हे लक्ष्य आहे, पण त्याच वाक्यात "समजून" असंही लिहिलेलं आहे. घड्याळ लावणाऱ्यांनी तो शब्द विसरू नये.

गृहीतक चौथं: लिहिणं म्हणजे गिरवणं

पहिलीच्या वह्या पाहिल्या तर पानंच्या पानं गिरवलेली असतात. हात वळण्यासाठी थोडं गिरवणं लागतंच. पण मुलाला स्वतःचं काही सांगायचं असतं, हे आपण धरतच नाही. एखाद्यानं स्वतःहून लिहिलं तर त्यावर लाल पेन चालतो.

समजा मुलानं लिहिलं: 'पानी'. बाईंनी चूक दिली, 'पाणी' पाच वेळा लिहायला लावलं. थांबून विचार केला तर या मुलानं फार मोठं काम केलंय. त्यानं घरी ऐकलेला शब्द तोडला, त्यातले दोन आवाज ओळखले, दोन्हींना योग्य अक्षर दिलं, काना आणि वेलांटी जागच्या जागी लावली. त्याच्या घरच्या बोलीत तो शब्द 'पानी'च आहे! तसंच 'बाळ'चं 'बाल' होतं. उर्दूत 'ण' आणि 'ळ' हे मराठीसारखे वेगळे आवाज नाहीत. म्हणून त्याला आधी ते कानानं वेगळे ऐकायला शिकवावं लागतं: 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ', 'मन' आणि 'मण'. कानाला फरक कळला की हात आपोआप सुधारतो. नुसतं पाच वेळा लिहिल्यानं मुलाच्या मनात एवढंच ठसतं, की आपण बोलतो तेच चूक आहे.

उलट बाजूही पाहा. उर्दू शाळेत 'स'च्या आवाजासाठी से, सीन आणि स्वाद अशी तीन अक्षरं आहेत, 'ज'च्या नुक्त्याच्या आवाजासाठी तर त्याहून जास्त. तिथे मूल 'चुकतं' तेव्हा त्याचा कान बरोबर असतो, शब्दाचा इतिहास त्याला माहीत नसतो इतकंच. कुठली चूक कानाची, कुठली हाताची आणि कुठली फक्त अजून न शिकवलेल्या गोष्टीची, हे ओळखणं हेच पहिलीच्या शिक्षकाचं खरं कसब आहे.

आमचा आग्रह असा, की पहिले काही महिने मुलाला त्याच्या बोलीत, देवनागरीत, हवं ते लिहू द्यावं. "मेरेकू पतंग होना" असं लिहिलं तरी चालेल. त्याखाली शिक्षकानं लिहावं: "मला पतंग हवा." दोन ओळी शेजारी ठेवल्या की मूल स्वतःच फरक शोधतं.

गृहीतक पाचवं: घरची भाषा हा अडथळा आहे

"घरी मराठी बोला" हा सल्ला ऐकून काही घरांत बोलणंच कमी झालेलं आम्ही पाहिलंय. अम्मीला येणारी मराठी बाजारापुरती. तिनं त्या भाषेत मुलाशी बोलायचं ठरवलं तर "जेव", "झोप", "अभ्यास कर" यापलीकडे गाडी जात नाही. किस्से बंद, कोडी बंद, चिडवाचिडवी बंद. मुलाच्या शब्दसंग्रहाचं मोठं भांडार त्यामुळे बंद होतं, आणि बदल्यात मिळतात तीन-चार हुकूम.

खरं तर दोन भाषांमध्ये भिंत नाही, पूल आहे. हजेरी, दप्तर, कागद, शाई, तारीख, खुर्ची हे मराठी शाळेतले शब्द फारसी-अरबीकडूनच मराठीत आलेले आहेत. उलट दखनीतलं 'नक्को' मराठीच्या 'नको'मधून आलंय. पहिल्या आठवड्यात बाईंनी हे शब्द फळ्यावर मांडले, तर उर्दू बोलणाऱ्या मुलाला परक्या घरात आल्यासारखं वाटणार नाही.

कायदाही घरच्या भाषेच्या बाजूनं आहे. राज्यघटनेचं कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर दिला.

पण इथे एक गृहीतक आपल्या उर्दू शाळांनीही तपासायला हवं. प्रत्येक मुस्लिम मुलाची घरची भाषा उर्दूच असते, हे खरं नाही. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम घरांत कोकणी बोलतात, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे पुष्कळ घरांत मराठीच बोलतात, मराठवाड्यात दखनी चालते. अशा मुलाला शुद्ध उर्दूत "बताओ बेटा" म्हटल्यावर ते गप्प राहिलं, तर त्याची अडचण मराठी शाळेत बसलेल्या दखनी मुलासारखीच आहे.

घरची भाषा वेगळी म्हणजे मूल कायमचं मागे, असंही कुणी मानू नये. मोरोक्कोमध्ये डॅनियल वॅगनर आणि सहकाऱ्यांनी घरी बर्बर बोलणारी आणि घरी अरबी बोलणारी मुलं तपासली. शाळा अरबी. बर्बर मुलं सुरुवातीला मागे होती, पण पाचव्या वर्षापर्यंत, ज्यांनी आधी कुरआन मकतबमध्ये शिक्षण घेतलं होतं त्यांचं अरबी वाचन अरबी घरातल्या मुलांच्या बरोबरीला आलं. यातून मातृभाषा नको असा निष्कर्ष निघत नाही. मकतबमध्ये मिळालेली लिपीची ओळख वाया जात नाही, एवढं मात्र निघतं.

आता आपल्या घरातली गृहीतकं

फक्त शाळेकडे बोट दाखवून चालणार नाही. आपलंही एक गृहीतक आहे: मूल खडाखडा म्हणतं, म्हणजे त्याला वाचता येतं. अरबीत 'किराअत' या एकाच शब्दात वाचणं आणि म्हणणं दोन्ही येतं. तिलावत सुंदर, तजवीद सुंदर, हे मोलाचंच आहे. पण त्यावरून मूल गणिताचं शाब्दिक उदाहरण किंवा औषधाच्या बाटलीवरची सूचना समजून वाचेल, असं आपोआप होत नाही.

याबद्दल पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातला एक अभ्यास आपल्याला फार जवळचा वाटेल. तिथल्या वाई समाजात तीन प्रकारचं वाचन-लेखन चालतं: शाळेत इंग्रजी, मदरशात अरबी, आणि १८३०च्या दशकात तिथेच तयार झालेली, घरी नातेवाइकांकडून शिकायची वाई लिपी, जी पत्रं आणि हिशेबासाठी वापरतात. सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकेल कोल यांनी तिन्ही गट तपासून १९८१ मध्ये निष्कर्ष मांडले. कुरआन शिकलेले लोक एकेक शब्द वाढवत यादी क्रमानं लक्षात ठेवण्यात पुढे होते. वाई लिपी येणारे आवाजांचे तुकडे जोडून अर्थ लावण्यात पुढे होते. म्हणजे ज्या कामासाठी लिपी वापरली, त्याच कामाचं कौशल्य वाढलं. वाचायला आलं की अक्कल सगळीकडे आपोआप वाढते, हे गृहीतक तिथे टिकलं नाही.

धडा सरळ आहे. मकतब जे देतं, म्हणजे स्मरण, उच्चाराची शिस्त, खुणांची बारीक नजर, ते शाळेनं मान्य करावं. आणि समजून वाचणं, स्वतःचं लिहिणं यासाठी मुलाला वेगळा सराव लागतो, हे आपण मान्य करावं. इंग्रजी माध्यमात घातलं की वाचन आपोआप आलं, हेही असंच एक गृहीतक. तिथेही अर्थ न कळता 'ए फॉर ॲपल' म्हणणारी मुलं आहेतच.

घरी आणि शाळेत काय करता येईल

अम्मीला वाचता येत नसेल तरी हे सगळं जमतं:

• रोज रात्री तुमच्या भाषेत एक किस्सा सांगा आणि मध्येच थांबून विचारा, "पुढे काय झालं असेल?"

• किराणा आणताना यादी मुलाकडून करवून घ्या. अक्षर येत नसेल तिथे चित्र काढू द्या.

• डबा, बाटली, दप्तर यावर त्याचं नाव त्यालाच लिहू द्या, मराठीत आणि उर्दूत.

• मुलानं शाळेचं पुस्तक वाचलं की उच्चार तपासण्याआधी म्हणा, "काय लिहिलंय ते मला सांग." तुम्हाला वाचता येत नसेल तर हा प्रश्न अगदी खरा असतो, आणि मूल मन लावून सांगतं.

• मोठ्या भावंडाला रोज दहा मिनिटं धाकट्याला वाचून दाखवायला बसवा.

पालक सभेत "माझं मूल कितवं आलं?" याऐवजी तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलाला आधीपासून काय येतं, ते तुम्ही पाहिलं का? ते घरी कोणती भाषा बोलतं, हे वर्गात कुणाला माहीत आहे का? त्यानं या महिन्यात स्वतःच्या मनानं काय लिहिलं, ते दाखवाल का? शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. त्या खुर्च्या रिकाम्या किंवा नावापुरत्या ठेवू नका. वर्गात दोन्ही लिपींतली गोष्टींची पुस्तकं असावीत, ही मागणी तिथे करता येते.

आमच्या शिक्षक बंधू-भगिनींना विनंती अशी, की जवळच्या मकतबमध्ये एकदा जाऊन या. तिथल्या हाफिजसाहेबांना विचारा, हे मूल तिथे कोणत्या पानावर आहे. आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून तक्रार केली नाही. बोर्डी-कोसबाडच्या परिसरात त्यांनी बालवाडी पाड्यावर, अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. आपल्याला इतकं लांब जायचं नाही, मकतब शाळेपासून दोन गल्ल्यांवर असतं.

आणि निरोप द्यायचाच असेल तर तो असा द्यावा: "तुमच्या मुलाला जेर-जबर चांगलं कळतं. त्याच धाग्यानं आम्ही वेलांटी-उकार शिकवतोय. तुम्ही घरी रोज एक किस्सा सांगा, तुमच्याच भाषेत." असा निरोप ऐकलेली अम्मी पुढच्या पालक सभेला मागच्या बाकावर बसणार नाही.